पाय दाखवायला

आधी एकच गाठ आली नडगीवर,
सुपारीएवढी, लाल,
बोट लागलं की अण्णा दात आवळायचे.
आईनं हळद उगाळली.
हरिपुरात दुसरं काय सुचणार?
चाळीस वर्षं अण्णांनी हळदच पेवात उतरवली,
पोत्यामागून पोतं, जमिनीच्या पोटात,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.

चौथ्या दिवशी तीन झाल्या.
दुसऱ्या पायाला दोन.
शेजारचे देवगोंडाकाका म्हणाले, उष्णता.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं गळू म्हणून गोळ्या दिल्या.
मग एक फुटली, पहाटे, अंथरुणात.
पू नव्हता.
तेल होतं.
पिवळट, चिकट, चादरीवर पसरत जाणारं,
आईनं बोट नाकाशी नेलं,
म्हणाली, वास कसा न्हाई गं याला?

मिरजेत अत्तार डॉक्टरांनी
चष्मा कपाळावर सारून नडगी पाहिली
बराच वेळ.
मग विचारलं, पोट दुखतं?
कळ पाठीत जाते? जेवण कमी झालंय?
अण्णा माझ्याकडे वळले,
"सांग हिला,
पाय दाखवायला आलोय, पोट न्हाई."

विजारीला आईनं दोनदा टाके घातले होते, आतून.
मला दिसलं होतं.
मी बोलले नव्हते.

कातडीचा एक तुकडा काढला, चण्याएवढा.
आठ दिवसांनी डॉक्टर कागद समोर धरून म्हणाल्या,
चरबीच्या पेशी मेल्यात, नुसती कवचं उरलीत.
भुतं म्हणतो आम्ही त्यांना.
हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आत स्वादुपिंड असतं, जठराच्या मागं,
त्याचा रस अन्न पचवायचा.
तो वाट सोडून रक्तात गेला
की सापडेल ती चरबी पचवत सुटतो,
नडगीचीसुद्धा.
पायाचं औषध पायात नाही.

परतताना बसमध्ये तो शब्द मी तोंडात घोळवत राहिले.
स्वादु.
पिंड.
आमच्यात पिंड ठेवत नाहीत,
कावळ्याची वाट बघत कुणी उभं राहत नाही नदीकाठी.
आणि हा एक, जन्मल्यापासून आत ठेवलेला,
धन्यालाच जेवायला बसलेला.

लहानपणी एकदा पेवाच्या तोंडाशी मला उभं केलं होतं त्यांनी.
झाकण काढून रात्रभर तसंच ठेवलेलं,
सकाळी आधी कंदील सोडला, दोरीला बांधून.
आत हवा कशी आहे ते माणसाला कळत नाही, म्हणाले,
कंदिलाला कळतं.
विझला तर उतरायचं न्हाई,
पोतं कितीबी मोलाचं असू दे.
त्या वर्षी रामू भोकरे उतरला होता, न बघता.
त्याचं त्यांनी पुढं सांगितलं नाही.

स्कॅनच्या यंत्रात ढकलताना
अण्णांनी वॉर्डबॉयचं मनगट धरलं.
"कंदील सोडला का आधी?"
पोरगं हसलं. म्हणालं, होय आजोबा, सोडला.
चादर आखूड होती.
पाय उघडे.
पाच लाल ठिपके, जळत असल्यासारखे,
आणि यंत्राचं तोंड गोल, काळं.

शेपटीशी गाठ आहे, म्हणाले. स्वादुपिंडाच्या.
काढता येईल की नाही ते मुंबईचे डॉक्टर सांगतील,
त्यांचा फोन यायचाय.

गोळ्यांनी पाय उतरलेत.
गाठी गेल्या, पण जागा खचल्यात,
कातडी तपकिरी, आत ओढलेली,
जुन्या पेवावर परसात जमीन बसते तशी.
तिथं आम्हाला खेळू देत नसत.
अण्णा सकाळी उन्हात पाय पसरून बसतात,
एकेका खळग्यात अंगठा टेकवून बघतात,
दाबतात,
दुखत न्हाई म्हणतात.

चादर आईनं तीनदा धुतली.
तेलाचा डाग गेला.
हळदीचा आहे.